मोटारसायकल काही महिने उभी ठेवायची आहे? आधी एवढं करा

हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतो म्हणून कोणाची गाडी तीन-चार महिने आत जाते. कोणाला कामासाठी लांब जावं लागतं, कोणाचा पाय प्लास्टरमध्ये असतो. कारण कोणतंही असो, गाडी कोपऱ्यात लावून वर कव्हर टाकलं आणि निघून गेलात, तर परत आल्यावर ठरलेल्या तक्रारी समोर येतात. बॅटरी मेलेली असते. गाडी स्टार्ट होऊन लगेच बंद पडते. चेनवर तांबूस गंज चढलेला असतो आणि टायर एका जागी चपटा झालेला असतो. यातलं काहीही टाळायला अवघड नाही. एका दुपारचं काम आहे, पण ते क्रमाने करावं लागतं, कारण निम्मी कामं इंजिन गरम असताना करायची असतात आणि निम्मी थंड झाल्यावर.

ज्यांनी आजवर गाडी सर्व्हिसिंगला टाकली आणि संध्याकाळी परत आणली, एवढंच केलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

सुरुवातीलाच एक सवय सोडा

"दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो, म्हणजे गाडी चांगली राहते" असं सांगणारा एक तरी माणूस तुम्हाला भेटेलच. त्याचं ऐकू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी रस्त्यावर पळत असते तेव्हा सायलेन्सर चांगला तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. जागेवर पाच मिनिटं चालवल्यावर सायलेन्सर जेमतेम कोमट होतो, वाफ आतच थंड होते आणि पाणी तिथेच साचतं. थोडी वाफ पिस्टन रिंगमधून खाली ऑइलमध्येही उतरते. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं त्या पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत भरत नाही. म्हणजे सायलेन्सर, ऑइल आणि बॅटरी, तिन्हीकडे तोटाच.

त्यामुळे एक तर गाडी बाहेर काढून इंजिन पुरतं तापेपर्यंत, निदान अर्धा तास, व्यवस्थित फिरवा. ते जमणार नसेल तर हातच लावू नका.

जवळ काय काय हवं

- गाडीचं मॅन्युअल, सर्व्हिसची नोंदवही, विम्याची पॉलिसी, नोंदणीचे कागद आणि दुसरी किल्ली
- रिंग पाने, सॉकेट सेट, प्लग पाना, जमलं तर टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना
- इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर
- पेट्रोलमध्ये घालायचं फ्युएल स्टॅबिलायझर
- साधा डिजिटल मल्टिमीटर आणि बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरली की आपोआप कमी करंटवर जाणारा चार्जर
- रॉकेल, मऊ ब्रश, चेन ल्यूब, हवा मोजायचं गेज
- भरपूर जुनी फडकी, रबरी हातमोजे, जुनं ऑइल झेलायला पसरट भांडं
- मेन स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड, म्हणजे चाक उचलून धरणारा सुटा स्टँड
- श्वास घेणारं, म्हणजे कापडी अस्तराचं कव्हर

कागदांबद्दल एकच. गाडी वापरात नाही म्हणून विमा बंद करायचा मोह होतो. उभ्या गाडीचीही चोरी होते आणि आगही लागते. पॉलिसीत चोरी आणि आगीचं संरक्षण कोणत्या अटींवर चालू राहतं ते वाचा. मुदत तुम्ही नसताना संपत असेल तर नूतनीकरण आधीच करून टाका.

१. आदल्या दिवशी धुणं

चिखल, मेलेले किडे, रस्त्यावर टाकलेलं मीठ हे सगळं ओल धरून ठेवतं आणि त्याखाली गंज सुरू होतो. म्हणून गाडी साध्या शॅम्पूने, हाताने धुवा. प्रेशरच्या पाण्याचा झोत चाकाच्या बेअरिंगवर, हँडलच्या खाली, चेनवर, मीटरवर किंवा वायरिंगच्या कनेक्टरवर मारू नका. सील पाणी बाहेर ठेवण्यासाठी असतं, पण त्या दाबासाठी नसतं. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, आणि नंतर ते काढायची आठवण राहावी म्हणून त्याचा एक हातभर लांब तुकडा बाहेर लोंबता ठेवा.

धुतल्यावर एक छोटी फेरी मारून पाणी झटकून टाका. रंगाला आणि क्रोमला वॅक्स लावा. उघड्या बोल्टवर किंवा फुटरेस्टच्या पिनवर ऑइलचा हलका हात फिरवला तरी चालतं. मात्र ऑइल किंवा स्प्रे ब्रेक डिस्कच्या आणि टायरच्या आसपास फिरकू द्यायचा नाही.

२. शेवटची फेरी आणि पेट्रोल

सगळ्यात जास्त गाड्या इथे फसतात, म्हणून या पायरीवर जरा थांबू.

पेट्रोल म्हणजे अनेक हलक्या-जड घटकांचं मिश्रण. उभ्या गाडीत हलके घटक आधी उडून जातात, आणि गाडी थंडीत पटकन स्टार्ट होते ती नेमकी त्यांच्याच जोरावर. उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतं आणि त्याचा चिकट डिंक होतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर आणखी एक भानगड असते: इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी जमलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. पेट्रोल ओढलं जातं तेही तळातूनच.

म्हणून शेवटच्या फेरीला निघताना रिकाम्यासारख्या टाकीत आधी बाटलीवर लिहिलेल्या मापाने स्टॅबिलायझर घाला आणि मग ताजं पेट्रोल भरा. पेट्रोल वरून पडलं की ते आपोआप मिसळतं. टाकी जवळजवळ पूर्ण भरा, पण झाकणाच्या गळ्यापर्यंत नाही, कारण गरमीत पेट्रोल फुगतं. पत्र्याची टाकी भरलेली असली की आत हवा कमी राहते, हवा कमी म्हणजे ओल कमी, आणि गंजायला पत्रा उघडा पडत नाही. त्यानंतर वीस-तीस मिनिटं गाडी चालवा. स्टॅबिलायझर टाकीत असून उपयोग नाही, ते कार्बोरेटर किंवा इंजेक्टरपर्यंत पोचलं पाहिजे. जुन्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालणंही व्यर्थ आहे. ते पेट्रोल जपतं, खराब झालेलं सुधारत नाही.

इथून पुढे कार्बोरेटरवाले आणि इंजेक्शनवाले यांची वाट वेगळी.

कार्बोरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल बाटलीत काढून घ्या. इंजिन गार झाल्यावर, मोकळ्या हवेत, आसपास ठिणगी नसताना हे करायचं. पायरी ३ मध्ये इंजिन पुन्हा थोडा वेळ चालवायचं आहे, म्हणून वाटी त्यानंतरच रिकामी करा. हा कंटाळा का करू नये ते एकदा पायलट जेट हातात घेतलं की कळतं. पितळेची बारीकशी नळी, तिच्यात केसाएवढं भोक. वाटीतलं घोटभर पेट्रोल महिनोन्‌महिने सुकत जातं आणि तळाला हिरवट-तपकिरी थर धरतो. त्यातला एक कण त्या भोकात अडकला की गाडी चोकवर स्टार्ट होते आणि चोक काढला की बंद पडते. मग कार्बोरेटर खोलून साफ करण्याशिवाय इलाज नसतो. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मिश्रण कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब एवढंच वापरा.

इंजेक्शनच्या गाडीत असं काही सुकवायला जाऊ नका. तिचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालवून सिस्टिम कोरडी करणं म्हणजे पंप कोरडा फिरवणं. टाकी भरली, स्टॅबिलायझर पोचलं, की तुमचं काम झालं.

३. इंजिन गरम आहे तोवर ऑइल

"उभीच राहणार आहे, ऑइल आल्यावर बदलू" हा हिशेब उलटा आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेलं पाणी आणि आम्ल मिसळलेलं असतं, आणि तेच महिनोन्‌महिने बेअरिंगला चिकटून बसणार असतं. म्हणून ऑइल आणि फिल्टर आत्ताच बदला. फेरी मारून आलात की दहा मिनिटं थांबा. ऑइल पातळ असतं आणि गाळ घेऊन खाली येतं. सायलेन्सरचा पाइप तेव्हा चांगलाच तापलेला असतो, हात सांभाळा.

ड्रेन बोल्ट आवळताना ताकद दाखवू नका. बोल्ट लोखंडी असतो आणि त्याचे आटे ज्या केसिंगमध्ये बसतात ते ॲल्युमिनियमचं, म्हणून हरायचं कोणी ते ठरलेलं आहे. एकदा सर्व्हिसिंगहून आलेल्या माझ्या गाडीचा ड्रेन बोल्ट इतका कचकचून आवळलेला होता की सोडवताना आटे त्याच्याबरोबरच बाहेर आले. नवा वॉशर, मॅन्युअलमधला टॉर्क, विषय संपला.

बाइकच्या ऑइलबद्दल नवख्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्लच ऑइलमध्येच भिजलेला असतो. कारसाठीच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि त्यांनी क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (JASO MA, MA2, म्हणजे भिजलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) असं लिहिलेलं ऑइलच घ्या.

नवं ऑइल भरल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, फिल्टर आणि बोल्टपाशी गळती नाही ना बघा, बंद करून काही मिनिटांनी गाडी सरळ उभी धरून लेव्हल तपासा. दार बंद असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालवायचं नाही, दोन मिनिटंसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडी सहा महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर आणखी एक काम करा. प्लग काढा, सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवा म्हणजे ऑइल भिंतींना लागेल, आणि प्लग परत लावा. तीन-चार महिन्यांसाठी हे मी करत नाही.

४. बॅटरी

"इग्निशन बंद आहे म्हणजे बॅटरीतून काही जात नाही" हे फक्त जुन्या, साध्या गाड्यांना लागू होतं. घड्याळ, अलार्म, ट्रॅकर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) हे सगळे बंद गाडीतही थोडं थोडं पीत असतात. हिशेब करून बघा. ३ मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ते दिवसाचे २४ तास, ९० दिवस चाललं तर साडेसहा अँपिअर-तास होतात. तुमची बॅटरी ९ अँपिअर-तासाची असेल तर दोन तृतीयांशाहून जास्त गेली, शिवाय बॅटरी स्वतःहून उतरते ते वेगळंच.

सगळ्यात बरा उपाय म्हणजे बॅटरी काढून घरात, कोरड्या जागी ठेवणं आणि मेंटेनरला जोडणं. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना बरोबर उलटं. हा क्रम पाठच करा. निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून चेसिसला टेकला तर सरळ शॉर्ट होतो.

मेंटेनर नसेल तर महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा. लेड-ॲसिड बॅटरी चार्जर काढून काही तास तशीच ठेवल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा, कारण उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचे कडक स्फटिक बसायला लागतात आणि ते पुढे निघत नाहीत. १२ व्होल्ट वाचून "बारा व्होल्टची बॅटरी, बारा दाखवते, ठीक आहे" असं समजणारे खूप आहेत. १२.० म्हणजे बॅटरी तीन चतुर्थांश रिकामी.

चार्जिंगचा करंट क्षमतेच्या साधारण दहावा हिस्सा ठेवा, म्हणजे ९ अँपिअर-तासाला ०.९ अँपिअर. कारचा मोठा चार्जर रात्रभर लावून ठेवलात तर आतलं पाणी उकळेल. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खोलीत वारा खेळता हवा. कडाक्याची थंडी असलेल्या जागी तर रिकामी बॅटरी ठेवूच नका. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल -५० अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं, ते -१० च्या आसपासच गोठतं आणि बॅटरीची पेटी फुटते.

लिथियम बॅटरी असेल तर लिथियमसाठीचाच चार्जर वापरा, "डिसल्फेशन" (प्लेटवरचं सल्फेट सोडवायचा) मोड असलेला नको. आणि हो, बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, हा जुना समज आहे. आताच्या प्लॅस्टिकच्या पेटीला त्याने काही होत नाही. लाकडावर ठेवायची तर ठेवा, मनाला बरं वाटतं.

५. चेन

आधी धोक्याची सूचना, कारण हे करणारे हुशार लोकही मी पाहिले आहेत: गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर, आणि फिरत्या चेनवर फडकं. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये फडकं गेलं की बोटं त्याच्या मागोमाग जातात. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. याला अपवाद नाही.

ब्रशने रॉकेल लावून मळ सोडवा, पुसून घ्या, सुकू द्या. पेट्रोल आणि तारेचा ब्रश वापरू नका. बऱ्याच चेनच्या कड्यांमध्ये रबराच्या ओ-रिंग असतात आणि आतलं ग्रीस त्यांनीच धरलेलं असतं. ल्यूब चेनच्या आतल्या बाजूवर, म्हणजे खालच्या पट्ट्याच्या वरच्या अंगावर मारा. चाक फिरलं की ते बाहेर पसरतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला उत्तम आहे, पण ते चेन ल्यूब नाही.

ढिलाई खालच्या पट्ट्याच्या मधोमध मोजायची. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर चालतं, लांब सस्पेन्शनवाल्यांना जास्त. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सर्वांत ताणलेली आहे तिथलं माप धरा. घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट, ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ देते. ॲडजस्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असू द्या, नाहीतर चाक तिरकं बसतं.

६. टायर, ब्रेक, कूलंट

टायरचं सोपं आहे. मेन स्टँड किंवा पॅडॉक स्टँडवर चाकं उचलून ठेवा. ते जमत नसेल तर हवा नेहमीपेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरा (टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत) आणि दर दोन-तीन आठवड्यांनी गाडी वीतभर पुढे-मागे सरकवा. थंडीत हवेचा दाब आपणहून उतरतो, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय, त्यामुळे लगेच पंक्चर समजू नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३५२१ असेल तर २०२१ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी शाबूत असूनही टायर म्हातारा झालेला असू शकतो, तो बदलायचा ठरवायला हीच निवांत वेळ.

ब्रेक फ्लुइडही हवेतली ओल पितं. डॉट ४ या प्रकारच्या नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावरची किमान मर्यादा १५५ आहे. घाटात सतत ब्रेक धरल्यावर लिव्हर अचानक पोकळ लागतं ते यामुळेच. दोन वर्षं झाली असतील किंवा रंग चहासारखा गडद झाला असेल तर गाडी ठेवण्याआधी बदला. डॉट ३, ४ आणि ५.१ एका जातीचे, डॉट ५ सिलिकॉनचं, त्यांची भेसळ नको. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग सुटतो. ब्रेक ब्लीड करायची, म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा काढायची, सवय नसेल तर हे काम जाणकाराच्या हाती द्या. या लेखातलं हे एकच काम आहे जिथे मी नवख्याला थांबवेन.

लिक्विड कूल गाडीत कोणी नुसतं पाणी भरलं असेल तर गोठायच्या थंडीत ते पाणी सुमारे ९ टक्के फुगून इंजिनला तडा देऊ शकतं. एथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर साधारण -३७ अंशांपर्यंत निभावतं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं लगेच पुसा, घरात कुत्रं-मांजर असेल तर जास्तच. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं.

७. उंदीर, ओल आणि कव्हर

सायलेन्सर गार झाल्यावर त्याच्या तोंडाला आणि एअर बॉक्सच्या, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याच्या, आत हवा घेणाऱ्या भोकाला जाळी किंवा फडकं लावा. उंदराला एअर फिल्टर म्हणजे तयार घर. काय काय बुजवलं ते कागदावर लिहून तो कागद हँडलला बांधा. प्लॅस्टिकची ताडपत्री थेट गाडीवर टाकू नका, आत घाम धरतो आणि उघड्या गाडीपेक्षा जास्त गंज येतो. साइड स्टँडखाली फळी ठेवा. झालं.

८. उभी आहे तोवर बदल करायचे असतील तर

गाडी मोकळी आहे, हात शिवशिवतायत, नव्या वस्तू मागवल्या जातात. करा, पण एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर गाडी तपासून मगच पुढचा. पाच गोष्टी एकदम लावल्या आणि गाडी मिसफायर करायला लागली, तर शोधणार कुठे?

विजेच्या वस्तूंचा हिशेब साधा आहे: वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ६० वॅटचे जादा लाइट १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतात. ते हेडलाइटच्या वायरला टोचून जोडायचे नाहीत. बॅटरीपासून वेगळी वायर, बॅटरीजवळच ७.५ अँपिअरचा फ्यूज आणि मध्ये रिले, म्हणजे कमी करंटने जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणारे शेवटी वायरच जाळतात. मोबाइल चार्जर थेट बॅटरीला जोडलात तर तो गाडी बंद असतानाही पीत राहील आणि वरचा बॅटरीचा सगळा हिशेब बिघडेल, म्हणून तो किल्लीने चालू-बंद होणाऱ्या लाइनवर घ्या.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी बल्ब बसवला की आपल्याला उजेड जास्त दिसतो, पण फोकस विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. रिमला सोसत नाही एवढा रुंद टायर घातला तर त्याचा आकार बिघडतो आणि गाडी वळायला जड होते. नवख्याने पैसे घालायचेच असतील तर चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड आणि नीट बसणारी सीट इथे घालावेत. आणि फुकटातलं अपग्रेड म्हणजे मागचं प्रीलोड, मागच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब. आपण बसल्यावर सस्पेन्शन त्याच्या एकूण प्रवासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं दबलं पाहिजे. बहुतेकांनी ते कधी पाहिलेलंही नसतं.

९. परत बाहेर काढताना

घाईत सेल्फ दाबू नका. हँडलचा कागद वाचून जाळ्या आणि फडकी काढा, एअर बॉक्स उघडून पाहा. बॅटरी भरून लावा. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. जुन्या वॉर्निशसारखा आंबट वास येत असेल तर ते पेट्रोल काढून टाका, गाडीला पाजू नका. ऑइल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइडची लेव्हल, टायरची हवा, चेनची ढिलाई बघा. गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून गाडी ढकला, क्लचच्या प्लेट चिकटल्या असतील तर लगेच कळेल. प्लगमधून ऑइल सोडलं असेल तर प्लग काढून, त्या भोकावर फडकं धरून दोन-चार वेळा इंजिन फिरवा. त्या वेळी प्लग कॅपला जोडलेला आणि इंजिनच्या धातूला टेकलेला, पण भोकापासून लांब ठेवा. थोडा निळसर धूर येईल, तो काही मिनिटांत जातो.

कार्बोरेटर असेल तर कॉक उघडून वाटी भरायला मिनिटभर द्या. स्टार्ट झाल्यावर रेस करू नका, ऑइल वर पोचू द्या. मल्टिमीटर बॅटरीला लावा. थोड्या वाढवलेल्या आरपीएमवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट आले म्हणजे चार्जिंग नीट आहे.

पहिली फेरी छोटी, मोकळ्या रस्त्यावर. डिस्कवर गंजाचा पातळ थर आलेला असतो, म्हणून पहिले काही ब्रेक खरखर करतील आणि उशिरा लागतील. हळू वेगात आठ-दहा वेळा ब्रेक मारून तो घासून काढा आणि मगच वाहतुकीत जा. टायर पहिले काही किलोमीटर गार आणि कडक असतात, वळणावर झुकायची घाई नको. तुमचा हातही इतक्या महिन्यांनी बसलेला नसतो, त्याचाही हिशेब धरा. परत आल्यावर इंजिनखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर ऑइल, कूलंट किंवा पेट्रोलचा डाग नसेल तर चेनची ढिलाई पुन्हा एकदा मोजा आणि किलोमीटरचा आकडा नोंदवहीत लिहून टाका.